वासुदेवरावांच्या माद्रिदवरच्या नऊ स्वाऱ्या

वासुदेव कानिटकरांनी माद्रिद शहरावर नऊ वेळा स्वारी केली आणि नऊही वेळा सपाटून मार खाल्ला. स्वारी दरवर्षी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी, इंगोलश्टाटमधल्या एका तळघरात, सकाळी साडेदहाला सुरू व्हायची आणि दुपारी चारला केक कापायच्या आत आटोपायची. या नऊ पराभवांमागे केवढी मेहनत होती, हे त्यांच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

माणूस मूळचा मिरजेचा. वय चोपन्न, अंगकाठी किरकोळ, चष्मा जाड. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमाप खात्यात इंजिनियर. दरवाजा आणि पत्रा यांच्यातली फट साडेतीन मिलिमीटर आहे की तीन पॉइंट सहा, हे ते मशीन लावायच्या आधी नुसतं बघून सांगत, आणि मशीन बहुधा त्यांच्याच बाजूने साक्ष देई. एवढी धारदार नजर असलेल्या या गृहस्थांना एक साधी गोष्ट मात्र जन्मात जमली नाही. कुणी काही मागितलं की त्यांच्या तोंडून नकार निघत नसे. शाळेच्या नाटकात कंस व्हायला कुणी तयार नव्हतं, तर हे ओळीने तीन वर्षं कंस झाले. ऑफिसात चिडलेल्या गिऱ्हाइकाचा फोन आला की तो आपसूक यांच्या टेबलावर येतो. फार कशाला, स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "जरा हा दिवा धरता का?" तर यांनी धरला. म्हणून अर्ध्या अल्बममध्ये प्रभावहिनी एकट्याच उभ्या आहेत. वहिनी तो अल्बम अजून अधूनमधून काढतात, आणि काढला की त्या दिवशी वासुदेवराव भांडी घासतात.

तर अशा या माणसाचा माद्रिदशी संबंध आला तो दिवाळीच्या किल्ल्यामुळे. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी अन्वी तेव्हा सहा वर्षांची होती, आणि तिच्यासाठी वासुदेवरावांनी बाल्कनीत रीतसर किल्ला केला होता. दगडविटांवर पोतं, पोत्यावर चिखल, बुरूज, पायऱ्या, तळं, गुहेत वाघ आणि वर हिरवळ म्हणून पेरलेले हळीव. खालच्या मजल्यावरचे ब्रांडलसाहेब तेव्हा सत्तरीचे होते. बाल्कनीतून चिखलाचं पाणी खाली का गळतंय, याची तक्रार घेऊन ते तावातावाने वर आले आणि किल्ल्यासमोर गुडघ्यांवर बसले ते अर्ध्या तासाने उठले. निघताना म्हणाले, "हेर्र कानिटकर, तुमच्यासारख्या माणसाची आमच्या फेराइनला गरज आहे."

फेराइन म्हणजे मंडळ. जर्मनीत तिघे जण एका गोष्टीवर एकमत झाले की फेराइन काढतात. हे फेराइन होतं कथलाच्या शिपायांचं. सव्वा-सव्वा इंचाचे शिपाई मोठ्या टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, टेप लावून अंतरं मोजायची आणि इतिहासातली एखादी लढाई पुन्हा लढायची. सभासद सात. ब्रांडलसाहेब अध्यक्ष, आणि हूबर नावाचे लांबुडक्या चेहऱ्याचे गृहस्थ नियमांचे आणि प्रोटोकोलचे, म्हणजे सभेच्या नोंदवहीचे, राखणदार. खेळात कोण खोकलं हेसुद्धा हूबर लिहून ठेवत.

आणि दर नोव्हेंबरला लढाई ठरलेली, माद्रिदची. १९३६ साली स्पेनमध्ये काही सेनापतींनी लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि यादवी पेटली. चार महिन्यांत बंडवाले राजधानीच्या वेशीवर येऊन ठेपले. सरकार चंबूगबाळं आवरून दुसऱ्या गावी गेलं. मागे राहिले न्हावी, ट्रामवाले, शिवणकाम करणाऱ्या बाया आणि विद्यार्थी. त्यांनी खंदक खणले, विद्यापीठाच्या खिडक्यांत जाडजूड पुस्तकं रचून गोळ्या अडवल्या, मदतीला कुठून कुठून परदेशी लोक आले, आणि त्या नोव्हेंबरात शहर पडलं नाही. आता मेख अशी, की बंडवाल्यांना त्या वेळच्या जर्मनीने विमानं पुरवली होती. त्यामुळे आजच्या जर्मनीत कुणीही भला माणूस बंडवाल्यांच्या खुर्चीवर बसायला तयार होईना. माद्रिद राखायला सहाच्या सहा तयार. आणि हल्ला करायला कुणी नाही. हल्लाच नसेल तर राखायचं काय, हा प्रश्न हूबरनी प्रोटोकोलमध्ये दोनदा नोंदवला होता.

मग पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रांडलसाहेब वासुदेवरावांकडे वळून म्हणाले, "तुम्ही न्यूट्रल आहात. इतिहासात तुमच्यावर काही आरोप नाही."

"जा, जा," वासुदेवराव म्हणाले. म्हणजे हो, हो. आणि कंसाच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पहिल्या वर्षी घात झाला तो त्यांच्या नजरेमुळे. या खेळात तोफ डागायची तर आधी अंतर तोंडाने सांगावं लागतं आणि मगच टेप लावतात. वासुदेवराव "एकतीस सेंटिमीटर" म्हणत आणि टेप एकतीस दाखवी. दुपारी दोनपर्यंत त्यांचे रणगाडे माद्रिदच्या पुलावर पोचले. सभासदांतल्या एक आजी रुमाल शोधू लागल्या. ब्रांडलसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. केक तसाच पडला होता आणि कॉफी ओतायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. वासुदेवरावांना असं अपराधी वाटलं, की त्यांनी पुढची प्रत्येक तोफ हातभर चुकवली. चारच्या ठोक्याला माद्रिद वाचलं, केक कापला गेला, ब्रांडलसाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि वासुदेवरावांना आयुष्याचा मार्ग सापडला.

तेव्हापासून ते दरवर्षी मन लावून हरत. हरणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ढळढळीत हरलं तर लोकांना कळतं. थोडक्यात हरावं लागतं, घाम गाळून हरावं लागतं. त्यासाठी महिनाभर आधी घरच्या जेवणाच्या टेबलावर तालीम चाले. चवळी म्हणजे पायदळ आणि राजमा म्हणजे रणगाडे. तालमीत मात्र वासुदेवराव मनमुराद जिंकत. जेवायच्या वेळेपर्यंत माद्रिद दोनदा पडलेलं असे. अन्वी समोर बसून काट्याने पोळीभाजी खात ते सगळं बघत असे.

"अहो, तुमचे रणगाडे काल मी भिजत घातले," प्रभावहिनी सांगत. "आज उसळ आहे."

"असू दे, असू दे. मटार वापरतो."

फेराइनमध्ये त्यांच्याविषयी एक कीव होती. हूबरनी एका वर्षीच्या प्रोटोकोलमध्ये लिहिलं होतं, 'कानिटकर हे मोजमापाचे इंजिनियर असूनही त्यांचा अंतराचा अंदाज कच्चा आहे, परंतु माणूस सभ्य आहे.' वासुदेवरावांनी ते वाचलं आणि खाली सही केली.

असंच चालू राहिलं असतं. पण यंदा अन्वी सोळाची झाली, दहावीत गेली, आणि तिच्या इतिहासाच्या पुस्तकात स्पेनची यादवी आली. बाईंना कुठून तरी फेराइनचा पत्ता लागला. त्यांनी ठरवलं, की नोव्हेंबरात अख्ख्या वर्गाने माद्रिदची लढाई बघायला जायचं.

ही बातमी अन्वीने ऑक्टोबरात रात्रीच्या जेवणाला सांगितली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं जर्मनमधून. इथे ते मराठीत दिलं आहे इतकंच.

"बावीस मुलं येणार, बाबा. आणि बघणार काय, तर तू फ्रँकोच्या बाजूला. किती पाइनलिश आहे, कळतंय का तुला?" फ्रँको म्हणजे बंडवाल्यांचा म्होरक्या, आणि पाइनलिश म्हणजे लाजिरवाणं. त्या महिन्यात घरातल्या बऱ्याच गोष्टी पाइनलिश ठरल्या होत्या, पण वासुदेवराव त्यांत आजवर नव्हते.

"अगं, कुणाला तरी बसावंच लागतं ना तिथे."

"मग नेहमी तूच का?"

वासुदेवरावांनी घास हातात धरला तो तसाच राहिला. अन्वीने ताट उचललं, धुतलं आणि खोलीत गेली. लहानपणी याच मुलीने 'माझ्या बाबांना बघून कळतं' असं सगळ्या बालवाडीत सांगितलं होतं आणि मास्तरणीच्या टेबलाची लांबी विचारायला यांना शाळेत नेलं होतं. आता ती त्यांच्याकडे बघताना जरा बाजूला बघत असे. हे त्यांना लागलं, फार लागलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "प्रभा, यंदा मी माद्रिद राखणार."

"आधी त्या ब्रांडलना सांगा," वहिनी म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? मी तर तुम्हाला माद्रिद केव्हाच दिलं असतं."

ऑक्टोबरच्या सभेत वासुदेवरावांनी हात वर केला. दहा वर्षांत पहिल्यांदाच. हूबरना वाटलं खिडकी उघडायची आहे, त्यांनी उघडली. मग वासुदेवराव उभे राहिले आणि यंदा आपल्याला शहराच्या बाजूने खेळायचं आहे असं एका दमात बोलून खाली बसले. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"गेनाऊ, बरोबर," ब्रांडलसाहेब सावकाश म्हणाले. "विनंती रास्त आहे. आल्झो, म्हणजे... पण मग हल्ला कोण करणार?"

छताकडे बघण्यात सगळे गुंतले. शेवटी ठरलं, की लढाईच्या दिवशी चिठ्ठ्या टाकायच्या. आणि पाइप फुटून जुनी मांडणी भिजून गेली होती, तेव्हा नवं माद्रिद करून देणार का, असं ब्रांडलसाहेबांनी विचारलं. यालाही वासुदेवराव हो म्हणाले, पण हे हो आनंदाचं होतं.

आठ दिवस आधी ते कामाला लागले. पश्चिमेला कासा दे काम्पो नावाचं मोठं उपवन, मग नदी, नदीवर पूल, पलीकडे विद्यापीठ आणि शहर. हे नकाशाबरहुकूम करायचं होतं. पण हाताला चिखल लागला आणि वासुदेवरावांच्या आतलं मिरजेचं पोर जागं झालं. विटा, पोतं, चिखल. उपवनातल्या टेकडीला नकळत बुरूज आला. पायऱ्या आल्या. उतारावर गुहा झाली, आणि गुहा झाली म्हटल्यावर खिशातला प्लॅस्टिकचा वाघ आत जाऊन बसला. शेवटी मूठ मूठ हळीव पेरले, कारण हिरवळीशिवाय किल्ला म्हणजे नुसता ढिगारा. चिखल लवकर वाळावा म्हणून त्यांनी खोली तापवणारं हायझुंग चोवीसवर ठेवलं, कुलूप लावलं आणि समाधानाने घरी गेले. प्रभावहिनींनी लाडवांसाठी पुण्याहून आणवलेले हळीव डब्यातून निम्मे झालेत, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं.

बाल्कनीतल्या ऑक्टोबरच्या गारठ्यात हळीव बेताने उगवतात. चोवीस अंशांच्या तळघरात ते सैरावैरा उगवले. बुधवारी हूबरनी दार उघडलं आणि सरळ फोन लावला.

"हेर्र कानिटकर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माद्रिद वाढतंय."

वासुदेवराव धावत गेले. उपवनाचं रान झालं होतं. सहा-सहा सेंटिमीटरची हिरवीगार गर्दी, आणि तीन सेंटिमीटरचे शिपाई त्यात उभे केले की गडप. तातडीची सभा भरली. नियम चौदाप्रमाणे शिपायाच्या डोळ्यांहून उंच झाडोरा म्हणजे जंगल, आणि जंगलातलं सैन्य बाहेर पडेपर्यंत शत्रूला दिसत नाही. हूबर म्हणाले, १९३६ साली तिथे एवढं जंगल नव्हतं. ब्रांडलसाहेब म्हणाले, वाघही नव्हता. वाघाला पाच विरुद्ध शून्य मतांनी बाहेर काढण्यात आलं. वासुदेवराव तटस्थ राहिले, आणि आजी वाघ बघून इतक्या हरखल्या की मत द्यायला विसरल्या. मग त्याच आजींनी एक पान तोडून तोंडात टाकलं आणि चेहरा उजळून म्हणाल्या, "अरे, ही तर क्रेसं!" जर्मन लोक हीच पानं लोण्याच्या पावावर घालून खातात. ठराव झाला, की नदीकाठची आणि शहरातली झाडी कापून शनिवारच्या पावांना वापरावी, आणि उपवनातली पुरावा म्हणून ठेवावी. कशाचा पुरावा, ते हूबरनी लिहिलेलं नाही.

एवढ्या गडबडीत वासुदेवरावांच्या ध्यानात आलं, की उपवनातून येणार हल्ला करणारे. आपणच आपल्या शत्रूला लपायला रान करून दिलं. पण आता बोलून उपयोग नव्हता, मतदान झालं होतं.

शनिवारी तळघर भरून गेलं. बावीस मुलं, त्यांच्या बाई, प्रभावहिनी, आणि हळिवाच्या पावांची तीन तबकं. अन्वी मैत्रिणींच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. वासुदेवराव शहराच्या बाजूच्या खुर्चीपाशी उभे राहिले. बसायला धीर होईना. ब्रांडलसाहेबांनी कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी हूबरांची निघाली. हूबरना एकाएकी आठवलं, की डॉक्टरांनी गुडघ्याला बंडवाल्यांच्या बाजूच्या कमी उंचीच्या खुर्चीची मनाई केली आहे. दुसरी आजींची. त्या म्हणाल्या, मी पाव वाढते आहे. तिसऱ्याला ठसका लागला. चौथा पार्किंगची चिठ्ठी बदलायला वर गेला तो आलाच नाही. पाचवी चिठ्ठी ब्रांडलसाहेबांची स्वतःची होती. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मग नऊ वर्षांच्या सवयीने सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"हेर्र कानिटकर..." ब्रांडलसाहेब म्हणाले. "फक्त यंदा."

वासुदेवरावांच्या ओठांवर 'जा' येऊन बसलं होतं. आयुष्यभर ते असंच येऊन बसे आणि बाहेर पडे. त्यांनी ओठ मिटले. कानशिलावरून घाम ओघळला. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं, मुलं चुळबुळत होती, बाई घड्याळ बघत होत्या. प्रभावहिनींनी पदर नसताना पदर सावरला. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. वासुदेवराव हो म्हणाले नाहीत, आणि नाही म्हणायला जीभ उचलेना. पण ते जागचे हलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा पराक्रम होता.

"मी बसते," मागून आवाज आला.

अन्वी मैत्रिणींना बाजूला सारत पुढे आली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली. वर्गातून कुणीतरी "ऊऽऽ" केलं. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कुणीतरी बसल्याशिवाय खेळ कसा होणार?" ती ब्रांडलसाहेबांना म्हणाली. "द्या फासे."

वासुदेवराव बघतच राहिले. तीच मान, तोच हट्टी अंगठा टेबलाच्या कडेवर. हे सगळं आपलंच आहे, हे त्यांना ओळखू आलं. त्यांना हवं होतं पोरीने आपल्याला भल्या बाजूला पाहावं. आणि आता भल्या बाजूला बसून तिलाच हरवायची वेळ आली होती.

लढाई सुरू झाली. अन्वी फाडफाड खेळत होती. इतकी वर्षं चवळी-राजम्याच्या लढाया बघितलेली मुलगी ती. बापाच्या तालमीतले सगळे डाव तिला पाठ. तिने अख्खं सैन्य हळिवांच्या रानात घातलं आणि ते दिसेनासं झालं. बारा वाजले, एक वाजला. पावणेदोनला रानातून तीन रणगाडे एकदम बाहेर पडले, पुलापासून वीतभर अंतरावर. मुलं ओरडली. पुलाच्या अलीकडे वासुदेवरावांची एकच तोफ होती. तिचा पल्ला चाळीस सेंटिमीटर. पहिला रणगाडा सत्तावीसवर होता. वासुदेवरावांना तो सत्तावीस झोपेतसुद्धा दिसला असता.

पण समोर अन्वी बसली होती. गालावर केस आलेले, डोळे चमकत होते. बावीस मुलांसमोर पोरगी हरली तर? तिने सगळ्यांसमोर आपल्याला सोडवलं, आणि आपण तिला पाडायचं? नऊ वर्षांची सवय हाताशी होतीच.

"चौतीस," वासुदेवराव म्हणाले.

टेप लावली. सत्तावीस. चुकलं. हूबर हळहळले. अन्वीने रणगाडे पुढे घेतले. पुन्हा पाळी आली. "अं... चौदा," वासुदेवराव म्हणाले. टेपने एकवीस दाखवले. ब्रांडलसाहेबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. माद्रिदच्या नऊ वर्षांच्या इतिहासात पूल असा उघडा कधी पडला नव्हता.

अन्वीने रणगाडे आणखी पुढे घेतले आणि फासे खाली ठेवले. ती टेबलावर वाकली आणि सगळ्या तळघरासमोर मोठ्याने बोलली. मराठीत, म्हणजे बाप आणि आई सोडून तिथल्या कुणालाच कळणार नाही अशा भाषेत.

"बाबा, नीट खेळ ना! मला माहितीये तू दरवर्षी मुद्दाम हरतोस. घरी तर तू कधीच चुकत नाहीस. मला त्याचीच लाज वाटते, त्या खुर्चीची नाही वाटत."

प्रभावहिनींच्या हातातला पाव तबकात पडला. वासुदेवरावांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. डोळ्यांत पाणी होतं, पण अंतर मोजायला तेवढी नजर पुष्कळ होती.

"पंधरा," ते म्हणाले.

टेप लावली. पंधरा. पहिला रणगाडा गेला.

"सतरा पॉइंट पाच."

हूबर टेपवर इतके वाकले की नाक नदीला लागलं. सतरा पॉइंट पाच. दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी अन्वीने दात ओठ खाऊन फासे टाकले, सहा पाडले, रणगाडा पुलाच्या तोंडाशी नेला. वासुदेवरावांनी शांतपणे "आठ" म्हटलं आणि पूल वाचवला. मग दीड तास बापलेक एकमेकांना सोडायला तयार नव्हते. तिने विद्यापीठाच्या दोन इमारती घेतल्या, त्याने एक परत घेतली. चारला पाच मिनिटं कमी असताना अन्वीपाशी अकरा शिपाई उरले, पुढे सरकायला जागा नव्हती, आणि शहर उभं होतं.

केक कापायचं कुणालाच सुचलं नाही. हूबर मागची नऊ वर्षांची पानं उलटत होते आणि त्यांचा लांबुडका चेहरा आणखी लांब होत होता.

अन्वी रडवेली झाली होती. वासुदेवरावांच्या तोंडावर 'सॉरी गं' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. तिने हात पुढे केला, त्यांनी तो धरून हलवला. "पुलापाशी मी घाई केली," ती नाक ओढत म्हणाली.

"हो, केलीस," वासुदेवराव म्हणाले. "विद्यापीठाकडून आली असतीस तर मी मेलो होतो."

ती खुदकन हसली. त्यांच्याकडे बघून हसली, सरळ बघून. एवढ्यासाठी हा माणूस महिनाभर झुरला होता, आणि ते त्याला मिळालं.

मुलं पाव खाऊन पांगली तरी ब्रांडलसाहेब त्या रिकाम्या खुर्चीपाशी उभे होते. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझे वडील होते तिथे," ते म्हणाले. "त्या नोव्हेंबरात. विमानांचे मेकॅनिक. आपण बॉम्ब टाकले नाहीत, फक्त इंजिनं नीट ठेवली, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले." त्यांनी चिठ्ठीची घडी उलगडली. "ही खुर्ची माझी होती, हेर्र कानिटकर. नऊ वर्षं मी तुम्हाला बसवलं, तुम्ही नाही म्हणत नाही म्हणून. आज एक सोळा वर्षांची मुलगी बसली."

प्रभावहिनींनी पुढे होऊन त्या ऐंशी वर्षांच्या माणसाला धरून खुर्चीवर बसवलं आणि हातात कॉफीचा कप दिला. ते बसले. खुर्ची खरंच जरा बुटकी होती.

"पुढच्या वर्षी मी बसेन," ते म्हणाले.

"पण खरं खेळायचं," अन्वीने दम दिला. "बाबासारखं मुद्दाम हरायचं नाही."

ब्रांडलसाहेबांनी समोरच्या शहराकडे पाहिलं, पुलाकडे, पुस्तकं रचलेल्या इवल्या खिडक्यांकडे.

"मनापासून खेळलो," ते हळूच म्हणाले, "आणि जिंकलो तर?"

"त्याची काळजी करू नका," वासुदेवराव म्हणाले. "माद्रिदमध्ये मी आहे."